खात्यात पैसे नाहीत म्हणून दंड!

गेल्या सत्रातली गोष्ट आहे. आमच्या वर्गातील एका मित्राच्या खात्यावर शिष्यवृत्तीचे ३,८०० रुपये जमा झाले. मेसचे बिल दोन महिने थकले होते, म्हणून तो लगबगीने बँकेत गेला, तर शिल्लक दिसली २,७३८. पासबुक छापून घेतल्यावर उलगडा झाला. खात्यात दोन हजार रुपये किमान शिल्लक हवी होती, ती तीन तिमाह्या नव्हती. दर तिमाहीस ३०० रुपये दंड, त्यावर अठरा टक्के जी. एस. टी., म्हणजे ३५४, असे तीनदा. खाते रिकामे होते तोवर हा आकडा बँकेने नुसता मांडून ठेवला होता. शिष्यवृत्ती येताच तो वळता करून घेतला. काउंटरवरच्या गृहस्थांनी अगदी सौम्यपणे सांगितले, "नियमच आहे तसा."

नियम आहे हे खरेच. प्रश्न आहे तो हा नियम न्याय्य आहे की नाही, एवढाच.

बँकेची बाजू अगदीच लंगडी आहे असे मला म्हणायचे नाही. खाते सांभाळायला खर्च येतो. पासबुक, ए. टी. एम., कर्मचाऱ्यांचे पगार, संगणक यांतले काहीच फुकट होत नाही. ज्याच्या खात्यात चार पैसे पडून असतात, त्याचे पैसे कर्जाऊ देऊन बँक तो खर्च भरून काढते. ज्याच्या खात्यात काहीच नसते, त्याचा खर्च भरायचा कोणी? बँक म्हणजे काही धर्मशाळा नव्हे, असे आमच्या अर्थशास्त्राच्या तासाला कोणीतरी म्हणालेही होते, आणि तेव्हा मीही मान डोलावली होती.

पण मग त्याला सरळ 'खाते सांभाळण्याची फी' म्हणावे आणि सर्वांकडून घ्यावी. तसे होत नाही. लाखभर शिल्लक असणाऱ्याला पासबुक, कार्ड, मेसेज सारे जवळजवळ मोफत, आणि शंभर रुपये असणाऱ्याला दंड. दंड हा शब्द आपण गुन्ह्यासाठी वापरतो. वाचनालयाचे पुस्तक उशिरा परत केले तर दंड, कारण दुसरा विद्यार्थी त्या पुस्तकाला मुकलेला असतो. माझ्या मित्राच्या खात्यात दोन हजार नव्हते, त्याने कोण कशाला मुकले?

या दंडाने किती रक्कम जमते हेही पाहण्यासारखे आहे. स्टेट बँकेने एप्रिल २०१७ पासून ही आकारणी पुन्हा सुरू केली आणि नोव्हेंबरपर्यंतच्या आठ महिन्यांत १,७७१ कोटी रुपये गोळा केले. त्याच वर्षीच्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत बँकेला झालेल्या निव्वळ नफ्यापेक्षा ही रक्कम मोठी होती. बराच गवगवा झाला, दर उतरले, आणि मार्च २०२० मध्ये स्टेट बँकेने ही अटच काढून टाकली. २०२५ साली आणखी काही सरकारी बँकांनी तोच मार्ग धरला. खाजगी बँकांत मात्र अनेक ठिकाणी ती अट अजून आहे.

हा वाद केवळ आपल्याकडचा नव्हे. इंग्लंडमध्ये त्याचे रूप थोडे वेगळे होते. तिथे खात्यात असलेल्या रकमेपेक्षा जास्त रकमेचा चेक वटायला आला, म्हणजे परवानगीवाचून ओव्हरड्राफ्ट झाला, की एकेका नोंदीला तीस-पस्तीस पौंड आकारले जात. लोक चिडले, हजारोंनी परतावे मागितले, आणि 'ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग' या सरकारी संस्थेने आठ मोठ्या संस्थांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. नोव्हेंबर २००९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने बँकांच्या बाजूने निकाल दिला. कारण मोठे मासलेवाईक आहे. ही आकारणी म्हणजे बँकेच्या एकूण सेवेच्या किमतीचाच भाग होय, आणि किंमत वाजवी आहे का, हे त्या कायद्याखाली तपासता येत नाही! आकारणी न्याय्य आहे की नाही याचा निर्णय आपण देत नाही, हेही न्यायमूर्तींनी स्पष्ट केले होते.

मला हा निकाल वाचताना मौज वाटली. ग्राहकाशी बोलताना ज्याला शिक्षेचा सूर लावायचा, न्यायालयात त्यालाच किंमत म्हणायचे. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम आहे. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी करार मोडल्याबद्दल वाजवी भरपाईच मिळते, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा, असा त्याचा आशय. मी कायद्याचा विद्यार्थी नाही. पण तिमाहीला ३०० रुपये नुकसान नेमके कशाचे झाले, हे विचारायला वकील कशाला हवा?

इंग्लंडमध्ये पुढे एप्रिल २०२० पासून नियामकाने अशा ठोक आकारण्या बंद केल्या आणि ओव्हरड्राफ्टवर फक्त साधे वार्षिक व्याज घ्यायला लावले. लगेच बऱ्याच बँकांनी तो दर चाळीस टक्क्यांच्या आसपास नेऊन ठेवला. एक दार बंद केले की बँका दुसरे शोधतात, हेही ध्यानात ठेवलेले बरे. आणि चेक परत जाणे ही गोष्ट मी वेगळी मानतो. तिथे समोरच्याचा पैसा अडकतो, बँकेला जास्तीचे काम पडते. त्या कामापुरता आकार घेतला तर माझी तक्रार नाही.

किमान शिलकीबाबत मात्र अधिक सरळ उपाय रिझर्व्ह बँकेनेच सुचवला होता. १ एप्रिल २०१४ च्या धोरणात तिने म्हटले होते की, ग्राहकाच्या अडचणीचा किंवा दुर्लक्षाचा बँकांनी गैरफायदा घेऊ नये. शिल्लक घटली तर दंड न करता त्या खात्याच्या सेवा मूलभूत खात्याइतक्या मर्यादित कराव्यात, आणि शिल्लक वाढली की त्या पूर्ववत द्याव्यात. किती साधी गोष्ट! परंतु त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधल्या परिपत्रकात दंडाला वाट ठेवली गेली. आधी कळवा, महिन्याची मुदत द्या, तुटीच्या प्रमाणात घ्या, केवळ दंडामुळे खाते उणे होऊ देऊ नका, अशा अटी घातल्या गेल्या. अटी चांगल्या आहेत. पण खाते उणे न करता दंड मांडून ठेवायचा आणि पैसा येताच उचलायचा, यात अटीचे अक्षर तेवढे पाळले जाते. माझ्या मित्राला मेसेज गेलाही असेल. तो त्याच्या गावी वडिलांकडे राहिलेल्या जुन्या नंबरावर.

शून्य शिलकीचे मूलभूत खाते मागण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, हे आमच्या वर्गात त्या दिवसापर्यंत फक्त दोघांना ठाऊक होते. प्रवेशाच्या वेळी खाते उघडताना समोर येईल त्या फॉर्मवर आपण सही करतो. प्रवेश अर्जासोबत त्या हक्काची एक ओळ महाविद्यालयाने छापायला काय हरकत आहे? मित्राने त्याच शाखेत खाते बदलून घेण्याचा अर्ज दिला आहे. १,०६२ रुपये परत मागणारा दुसरा अर्जही सोबत जोडला आहे. त्यावर अजून उत्तर नाही. मेसवाल्या काकांनी उरलेल्या बिलासाठी दिवाळीपर्यंत थांबायचे कबूल केले, त्यांनी दंड लावला नाही.