पाटी नाही, म्हणून चालतं?

मॉलच्या दारात, मल्टिप्लेक्सच्या लॉबीत, मेट्रोच्या तपासणीपाशी एक पाटी असते: शस्त्रं आत नेण्यास मनाई. बॅग स्कॅनरवर टाकता टाकता तुम्ही ती कधी नीट वाचलीय? बहुतेक नाही. आपल्याकडे कुठलं आलंय पिस्तूल! पण शस्त्रबंदीचा नियम फक्त पिस्तुलापुरता नाही आणि तो पाटीवर अवलंबूनही नाही. गिरगाव-लालबागच्या मिरवणुकांत वाढलेल्या पोरांना हे ठाऊक असलेलं बरं.

आधी जिथे पाटीवर सगळं अवलंबून असतं, ते टेक्सास बघू. तिथे परवानाधारक पिस्तूल घेऊन सहज फिरू शकतो. दुकानदाराला ते आपल्या दुकानात नको असेल, तर पाटीचा मजकूरही कायद्यानेच ठरवून दिलाय. लपवून बाळगलेल्या पिस्तुलासाठी कलम ३०.०६ ची पाटी, उघड बाळगलेल्यासाठी ३०.०७ ची. इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषा, अक्षरं किमान एक इंच उंच, रंग उठून दिसणारा. नुसतं काट मारलेल्या पिस्तुलाचं चित्र चिकटवलं, तर परवानाधारकाला या कलमांत अडकवणं अवघड. शस्त्र नेता येतं हा नियम आणि मनाई हा अपवाद, म्हणून पाटीची एवढी मोजमापं.

आपल्याकडे गणित उलटं आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगताच येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणारी शस्त्रं तीनवरून दोनवर आणली आणि हर्षोल्लासाच्या गोळीबारालाही शिक्षा लावली: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना मिळाला तरी त्याच्या अटींतच लिहिलेलं असतं की खास परवानगीशिवाय हे शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक जमावात किंवा शिक्षणसंस्थेच्या आवारात न्यायचं नाही. म्हणजे चौपाटीसमोरचं विल्सन असो की दादरचं कीर्ती, गेटवर पाटी नसली तरी मनाई आहेच. मॉलच्या पाटीचं काय? ती मालकाची प्रवेशाची अट. मान्य नसेल तर गार्ड आत सोडणार नाही, इतकंच.

सप्टेंबर २०२२ मध्ये विसर्जनानंतर प्रभादेवीत शिवसेनेच्या दोन गटांत राडा झाला. स्थानिक आमदारावर गोळी झाडल्याचा आरोप झाला, त्यांनी तो फेटाळला, पोलिसांनी त्यांचं परवान्याचं पिस्तूल तपासणीसाठी ताब्यात घेतलं. चर्चा सगळी गोळी कोणी झाडली यावर झाली. परवान्याची अट मात्र त्याच्या एक पाऊल आधीची आहे: गर्दीत शस्त्र न्यायचंच नाही. यावर कोणी फारसं बोललं नाही.

आता तुमच्याशी थेट संबंध असलेला कायदा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, कलम ३७(१). मुंबई पोलीस वेळोवेळी या कलमाखाली मनाई आदेश काढतात. बातमी दोन ओळींची येते, ‘शहरात शस्त्रबंदी’, आणि आपण स्क्रोल करून पुढे जातो. या कलमात बंदुकीबरोबर तलवार, भाला, सुरा, सोटा, काठी आणि मारामारीत वापरता येईल अशी कुठलीही वस्तू येते. गंमत बघा: साधी लाठी केंद्राच्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, पण पोलिसांचा आदेश लागू असेल तर तीही अडचणीची ठरू शकते. आदेश मोडला तर शिक्षा साधारणपणे चार महिने ते एक वर्ष कैद आणि दंड.

हा आदेश प्रत्येक नाक्यावर लावलेला दिसेलच असं नाही. दर्शनी जागी प्रत चिकटवणं, वर्तमानपत्रात देणं, अगदी दवंडी पिटणं, हे सगळे मार्ग या कायद्याला चालतात. तेव्हा ‘मला माहीत नव्हतं, कुठे लिहिलं होतं?’ हा बचाव फार टिकत नाही.

आणि तरीही तलवारीने केक कापायची हौस जात नाही! चाळीच्या गच्चीवर मित्राचा वाढदिवस, हातात तलवार, मागे गाणं, रील अपलोड. तो व्हिडिओ म्हणजे पोलिसांना आयता पुरावा. शस्त्र नियमांत तलवार शस्त्रच आहे आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा चाकूही, घरकाम, शेती किंवा कारखान्यासाठी बनवलेला नसेल तर. एकदा गुन्हा नोंदला गेला, की पासपोर्ट आणि सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत त्याची विचारणा होते. बारा सेकंदांच्या रीलसाठी हा सौदा महाग आहे.

खरा पेच मर्दानी खेळांचा. गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत दांडपट्टा, लाठीकाठी, तलवारबाजी दाखवणाऱ्या मुलामुलींना गुंडांच्या पंक्तीत बसवणं मला पटत नाही. पण कलम ३७ची भाषा इतकी रुंद आहे, की त्यांना वेगळं काढणं पोलिसांच्या मर्जीवर राहतं. आदेशात खेळपथकांसाठी स्पष्ट तरतूद झाली तर बरं. तोवर आयोजकांनी मिरवणुकीच्या परवानगी अर्जातच प्रात्यक्षिकं, साहित्य आणि खेळाडूंची नावं लिहावीत, धार नसलेली पाती वापरावीत. पथकात नवीन असाल, तर मंजूर अर्जाची प्रत कोणाकडे आहे हे निघण्यापूर्वी विचारून घ्या. तलवार डब्यात घालून लोकलने गिरगावला पोचायचं असेल, तर त्या प्रवासाचाही उल्लेख त्या अर्जात हवा.