विकेट आमची, कप्तानी त्यांची

"खेळाडूला शिकून काय कलेक्टर व्हायचं हाये?"

अमरावतीच्या इर्विन चौकात चहाच्या कपासोबत हा सवाल फुकट मिळतो. विचारणारा खेळाचा पक्का शौकीन. २०२५ साली बंगळुरूनं आयपीएल जिंकली, त्या संघात आपल्या गावचा जितेश शर्मा होता, म्हणून त्याची छाती फुगलेली. त्याच वर्षी विदर्भानं तिसऱ्यांदा रणजी करंडक आणला, म्हणून मिशीला पीळ. ठीक आहे. टाळ्या आम्हीही पिटल्या. पण हाच शौकीन फ्रेजरपुऱ्यातल्या पोट्ट्याला सांगतो, "लेका, पुस्तक फेक, ग्राउंडवर घाम गाळ, लाइफ बनून जाईन." आणि संध्याकाळी स्वतःच्या पोराला स्कूटरवर बसवून नीटच्या क्लासला सोडून येतो.

काहून बापा? तुझ्या पोराला डोकं आणि आमच्या पोराला नुसते हातपाय?

जरा हिशेब मांडू. आयपीएलचे संघ १०. एका संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू, त्यातले ८ परदेशी चालतात. परदेशी कोटा भरला तर अख्ख्या देशाच्या वाट्याला जागा उरल्या १७०. एवढी पोरं तर एकट्या अमरावती-अकोल्याच्या मैदानांवर सकाळी धावत असतात. बाकीच्यांचं काय? गुडघा गेला, खांदा निखळला, वय सरलं, की शौकीन नाव विसरतो. मी गोदीत ओझी उचलतो. अंग विकून खाणाऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही, की अंगाला भाव ते चालतंय तोवरच असतो. पाठ गेली की मुकादम दुसरी पाठ शोधतो.

आणि न शिकलेल्या खेळाडूचं ही व्यवस्था काय करते, हे बघायला बाळू पालवणकरांकडे जा. जातीनं चांभार. पुण्यात पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा, पगार महिना ३ रुपये. मग गोऱ्यांच्या क्लबात ४ रुपये. साहेबाला तासन् तास बोलिंग टाकायची, स्वतःच्या हाती बॅट नाही. हिंदूंच्या संघानं घेतलं, कारण विकेटी पाहिजे होत्या. चेंडू एकच, सगळ्यांच्या हातातून फिरायचा, तो विटाळत नव्हता. चहा मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात! १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात या माणसानं शंभरावर बळी घेतले. तरी चौरंगी सामन्यांत हिंदूंची कप्तानी त्याला कधी दिली नाही.

१९२० साली कप्तान आजारी पडला. बाळूचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघात होते. पण नाव पुढे आलं दि. ब. देवधरांचं. ब्राह्मण, कॉलेजात संस्कृत शिकवणारे. दोघं भाऊ संघातून बाहेर पडले आणि त्यांनी जाहीर पत्र काढलं, की इथं खेळापेक्षा सामाजिक दर्जा आणि शिक्षण मोठं ठरवलं जातंय. दोस्तांनो, हा डाव नीट समजून घ्या. ज्यांनी हजारो वर्षं शाळेचं दार बंद ठेवलं, तेच आता मैदानात उभे राहून विचारतात, तुझी डिग्री कुठंय? पालवणकर बंधू लढले म्हणून १९२३ साली विठ्ठल कप्तान झाला. कोणाच्या मेहेरबानीनं नाही.

पुढे १९३७ साली काँग्रेसनं याच बाळूला मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं. ज्या बाळूचा तरुण आंबेडकरांना अभिमान वाटत होता, त्यालाच प्यादं केलं. आमच्या लोकांनी बाळूसाठी टाळ्या वाजवल्या होत्या. निवडून मात्र बाबासाहेबांना दिलं.

शंभर वर्षांनी डाव तोच आहे, कपडे नवे. आंतरविद्यापीठ स्पर्धा आल्या की कॉलेजला आमचा पोरगा पाहिजे. महिनोन् महिने सराव, शिबिर, रेल्वेचा प्रवास. हजेरी कागदावर भरते, वर्गात बाक रिकामा. पोरगा कलर होल्डर होतो, ब्लेझर मिळतं, ट्रॉफी प्राचार्यांच्या कपाटात जाते. त्याचे बी.ए.चे विषय मात्र राहिलेलेच. खेळ सुटला की म्हणतो, शाळेत पी.टी. शिक्षक होईन. त्यासाठी बी.पी.एड. लागते आणि बी.पी.एड.ला आधी पदवी लागते. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के जागा आहेत, पण पदाची शिक्षणाची अट तिथंही सुटत नाही. म्हणजे पुन्हा तेच, तुझी डिग्री कुठंय?

हे इथंच घडतं असं नाही. ज्या ब्लॅक पँथरवरून दलित पँथरनं १९७२ साली नाव घेतलं, त्यांच्या अमेरिकेत कॉलेजच्या खेळांवर कोट्यवधी डॉलरचा धंदा चालतो आणि त्यात बास्केटबॉल, फुटबॉलला घाम मोठ्या प्रमाणात काळ्या पोरांचा असतो. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १९९३ ते २०११, तब्बल १८ वर्षं, कागदी वर्ग चालले. तास नाही, मास्तर नाही, एक निबंध टाका आणि मार्क घ्या. ३,००० च्या वर विद्यार्थी त्यातून गेले, जवळपास निम्मे खेळाडू. आणि विभाग कोणता? आफ्रिकी आणि काळ्या अमेरिकन लोकांच्या अभ्यासाचा! त्यांचाच इतिहास त्यांच्यापासून चोरला आणि वर पास केलं. २०२५ पासून तिथली कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागलीत. दिलेच पाहिजेत, घामाचा दाम आहे तो. पण चोरलेला वर्ग त्या पैशात परत येत नाही.

आणि अमरावतीनं तर असलं काही खपवूनच घेऊ नये. १९१४ पासून इथं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकानं कबड्डीसारखे देशी खेळ जगाला दाखवले. आखाडा आणि कॉलेज एका आवारात नांदू शकतात हे या गावाला कोणी सांगायची गरज नाही. याच गावात १३ नोव्हेंबर १९२७ ला इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, अंबादेवीचं दार उघडण्यासाठी. आता आम्हाला देवीचं दार नको. वर्गाचं पाहिजे.

म्हणून प्रत्येक कॉलेजात जाऊन विचारा. गेल्या दहा वर्षांत किती कलर होल्डर झाले आणि त्यातले किती पदवीधर झाले? पदकांचा बोर्ड लावता, तसा हाही आकडा भिंतीवर लावा. स्पर्धेत बुडालेले तास परत घ्या. परीक्षा चुकली तर दुसरी घ्या. मैदानात पोरगा जायबंदी झाला तर उपचार कॉलेजनं करावेत, आणि फी माफी, वसतिगृहातली जागा पदवी हाती येईपर्यंत कायम राहावी. लेखी मागा. नाही म्हणाले तर तेही लेखी घ्या आणि गेटवर चिकटवा.

आणि मैदानातल्या भावांनो, बहिणींनो, टाळ्यांना भुलू नका. बाबासाहेबांनी "शिका" हा शब्द पहिला ठेवला. संघटित होणं आणि संघर्ष करणं त्याच्या मागून येतं. सकाळी धावा, दुपारी वर्गात बसा, बाक अडवून बसा. उद्या कोणी डिग्री विचारली तर त्याच्या टेबलावर आपटता आली पाहिजे. मग कप्तानी कशी देत नाहीत ते बघू.

जय भीम!