मागे वाजणाऱ्यांची बाजू

‘उत्तम पार्श्वसंगीत म्हणजे जे ऐकूच येत नाही ते!’ असं एक वाक्य आपल्याकडच्या सुशिक्षित घरांतून फार बोकाळलं आहे. बोलणारा बहुधा सोफ्यावर रेललेला असतो आणि आपण काहीतरी सखोल बोलून गेलो या समाधानात बशीत सांडलेला चहासुद्धा पिऊन टाकतो. या वाक्याचा मी मनापासून द्वेष करतो. ऐकूच यायचं नाही, तर इतकी माणसं व्हायोलिनं हनुवटीखाली धरून बसवायची कशाला? उत्तम भाजी म्हणजे जिची चवच लागत नाही ती, असं एकदा घरी म्हणून बघा. रात्री तशीच भाजी ताटात येईल आणि वर ‘उत्तम आहे ना?’ हेही ऐकावं लागेल.

माझा राग थोडा धंदेवाईकही आहे. मी बँकेत कारकून, वाणिज्य शाखेचा पदवीधर. आमच्या व्यवसायातही हेच वचन वेगळ्या शब्दांत चालतं. उत्तम कारकून तो, जो आहे हे कोणाला कळतच नाही. संध्याकाळी हिशेब जुळला तर बँकेचं काम चोख. दहा रुपयांचा फरक आला तर मात्र सर्वांना माझं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आठवतं. तेव्हा पडद्यामागे वाजवणाऱ्यांचं वकीलपत्र घ्यायला माझ्याइतका लायक माणूस निदान हिमायतनगर तालुक्यात तरी दुसरा नाही.

खटल्यासाठी मी पुरावा म्हणून दाखल करतो आहे ‘बाहुबली 2’. आता यावर काही भुवया वर जातील, कारण पार्श्वसंगीतावर बोलायचं तर बंगाली किंवा फ्रेंच चित्रपटाचं नाव घ्यावं असा शिष्टाचार आहे. पण आमचं गाव मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरचं. एका बाजूच्या गाडीत बसलं की भोकर, मुदखेड, नांदेड. दुसऱ्या बाजूच्या गाडीत बसलं की किनवट आणि पुढे थेट आदिलाबाद. 1956 पर्यंत आम्ही सारे हैदराबाद राज्यातच होतो. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या मंडळींना 2015 साली तेलुगू चित्रपटाचा जो शोध लागला, तो आम्हांला लागायचा प्रश्नच नव्हता. शेजारच्या घरात काय शिजतंय याचा शोध लावावा लागत नाही, वास येतो.

पहिला भाग जुलै 2015 मध्ये आला आणि कटप्पानं बाहुबलीला का मारलं हा प्रश्न आपल्या गळ्यात अडकवून गेला. दुसरा आला 28 एप्रिल 2017 ला. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं हा देश पगारवाढ, पाऊस आणि कटप्पा या तीनच विषयांवर बोलत होता. आमच्या काउंटरवर पीकविम्याची चौकशी करायला आलेले एक मामा जाता जाता मलाच विचारून गेले, ‘साहेब, तुमी शिकलेले हाव, का मारलं हो त्यानं?’ मात्र एम. एम. कीरवाणी या गृहस्थांनी दुसऱ्या भागात काय वाजवलं आहे, हे आजतागायत मला कोणी विचारलेलं नाही. म्हणून न विचारता सांगतो.

उत्तरार्धाचं संगीत करणं हे खतावणीतलं पान उलटण्यासारखं असतं. मागच्या पानाची बेरीज पुढच्या पानावर, पहिल्या ओळीत, जशीच्या तशी आणावी लागते. पहिल्या भागाची अखेरची शिल्लक हीच दुसऱ्याची आरंभीची शिल्लक! ती आणली नाही तर प्रेक्षक म्हणतो, ‘हे आमचे लोक नव्हेत.’ नुसती तीच आणून ठेवली तर म्हणतो, ‘यात नवीन जमा काय?’ ‘बाहुबली 2’च्या सुरुवातीची श्रेयनामावली आठवा. मागच्या भागातले प्रसंग दगडात कोरल्यासारखे थिजून उभे आहेत, कॅमेरा त्यांच्यातून फिरतो आहे, कोणी पात्र बोलत नाही. दोन वर्षांपूर्वीचा सगळा हिशेब गायक आणि वादक मिळून मांडतात आणि आपण खुर्चीत नीट बसायच्या आत जुनं खातं चालू होतं.

मग मध्यंतराच्या आधीचा तो राज्याभिषेक. भल्लालदेव राजा म्हणून शपथ घेतो, तिथं सगळं कसं रीतसर, सरकारी समारंभासारखं. नंतर बाहुबली सेनापती म्हणून शपथ घेतो आणि माणसांचे गळे, नगारे, भाल्यांचे ठोके असा काही कल्लोळ उठतो की राजाच्या डोक्यावरचं छत्र डळमळतं. त्या कल्लोळात जनतेचा आरडाओरडा कुठे संपतो आणि वाद्यमेळ कुठे सुरू होतो हे मला अजून सांगता येत नाही. खरा राजा कोण, हे सांगायला लेखकाला तिथं एकही वाक्य लिहावं लागलेलं नाही. हे संगीत ज्याला ‘ऐकूच आलं नाही’ त्यानं आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात कान दाखवून यावं.

‘पण नुसता ढणढणाट हो!’ असं यावर आमचे एक सुसंस्कृत मित्र म्हणतात. त्यांना मंद, तरल, झिरपणारं संगीत आवडतं. आवडो बापडं. पण राजाच्या आगमनाला काय मोरपिसानं गुदगुल्या करायच्या? आपल्याकडे नगारखाना आणि चौघडा काय तरलतेसाठी ठेवत होते? माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत हलगी कडाडते, आमच्या परमेश्वराच्या मंदिरात आरतीला नगारा घुमतो, तेव्हा ‘जरा हळू वाजवा, देव मुख्य आहे, वाद्य नव्हे’ असं म्हणायची कोणाची छाती होत नाही. मोठ्या माणसाचं येणं आधी कानाला कळावं ही आपली जुनीच रीत.

दुसरे म्हणतात, ‘ही तर हॉलिवूडची नक्कल. आपला काय संबंध त्या व्हायोलिनच्या ताफ्याशी?’ अहो, बटाटासुद्धा बाहेरूनच आलाय. सोडा पाहू वडा! मुंबईच्या चित्रपटसृष्टीला हा ताफा वाजवायला शिकवला तो गोव्याच्या माणसांनी. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून आलेली ही मंडळी संगीतकाराची गुणगुण ऐकून कोणी काय वाजवायचं ते कागदावर उतरवून देत. सेबॅस्टियन डिसूझा घ्या, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस घ्या. ‘अमर अकबर अँथनी’मधलं, 1977 सालचं, प्रचंड अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभचं गाणं सगळ्या भारताला पाठ आहे. त्यातलं नाव प्यारेलाल यांच्या व्हायोलिनच्या गुरूचं आहे, हे किती जणांना ठाऊक असतं? गुरू अंड्यात राहिले, अमिताभ बाहेर आला. प्रभाकर जोगांचं व्हायोलिन तर गातं म्हणत, आणि ते अस्सल मराठी गात असे.

बरं, साहेबाच्या देशातलंच उदाहरण हवं असेल तर तेही आहे. ‘स्टार वॉर्स’ 1977 चा. त्यातल्या काळ्या मुखवट्याच्या डार्थ व्हेडरची धडकी भरवणारी चाल जगभर पोरंटोरं तोंडानं वाजवतात. ती चाल पहिल्या भागात नाहीच! जॉन विल्यम्सनं ती 1980 च्या दुसऱ्या भागासाठी केली. आणि आज लोक शपथेवर सांगतील की आम्ही ती पहिल्या भागातच ऐकली. मागल्या तारखेनं नोंद करायला आम्हांला बँकेत सक्त मनाई आहे. संगीतकाराला ती अशी जमते.

आपल्याकडे काय? ‘शोले’च्या तबकड्या घरोघर वाजल्या, पण कशाच्या? संवादांच्या! गब्बरच्या शिव्या विकत घेऊन लोकांनी गणपतीसमोर लावल्या. राहुलदेव बर्मननं त्या संवादांमागे जे केलं त्याला फुकट कानावर पडणारी वस्तू समजले. सरकारचंही तेच. संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार 1967 च्या चित्रपटांपासून सुरू झाला. पार्श्वसंगीताला वेगळा पुरस्कार 1994 च्या चित्रपटांच्या वेळी एकदा देऊन पाहिला आणि नियमित व्हायला 2009 साल उजाडलं. बेचाळीस वर्षं! इतक्या वर्षांत तर आमच्यातला कारकूनसुद्धा निवृत्त होऊन पेन्शन खायला लागतो. कीरवाणींना 2023 मध्ये ऑस्कर मिळालं तेव्हा आपण पेढे वाटले. ते मिळालं गाण्याला, ‘नाटू नाटू’ला. वाईट नाही, मीही पेढा खाल्ला. पण 2019 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ‘बाहुबली’चा पहिला भाग पडद्यावर लावून समोर जिवंत वाद्यवृंदानं त्याचं संगीत वाजवलं, तेव्हा आपल्या गल्लीत कोणी लवंगी फटाकासुद्धा लावला नाही. तिकडे लोक वाजवणाऱ्यांना बघायला तिकीट काढतात.

इकडे मी नांदेडच्या एका चित्रपटगृहात तोच दुसरा भाग बघितला. शेवटची नावं सरकू लागली आणि भपकन दिवे लागले, दारं उघडली, झाडू आला. मी बसून राहिलो. राखणदारानं टॉर्च माझ्या तोंडावर मारला.

‘काय बघायलाव साहेब? पिच्चर संपला की!’

‘वाजवणाऱ्यांची नावं बघायलो.’

‘कोणी नात्यातलं हाय का?’

यावर काय उत्तर द्यावं ते सुचेपर्यंत पडदा पांढरा झाला होता.

आणि गंमत अशी की हेच न ऐकू येणारं संगीत गावागावांतल्या भावी आमदारांना बरोब्बर ऐकू येतं. वाढदिवसाचा व्हिडिओ काढायचा, भाऊ जीपमधून उतरताहेत, चष्मा घालताहेत, मागे काय? बाहुबली! लग्नात नवरदेव घोड्यावर, तेव्हा बँडवाला काय फुंकतो? आमच्याकडचा ट्रंपेटवाला ती चाल एका दमात घेतो आणि शेवटी लाल होतो. त्याला कोणी सांगून बघावं की बाबा, उत्तम वाजवणं म्हणजे ऐकूच न येणं. तो ट्रंपेट कुठे ठेवेल याची जबाबदारी माझ्यावर नाही.

माझी मागणी अगदी किरकोळ आहे. चित्रपटगृहांच्या मालकांनी शेवटच्या नावांपुरता, पाचेक मिनिटं, अंधार ठेवावा आणि आवाज बंद करू नये. मी हिशेब करून पाहिला आहे. मालकाला खर्च शून्य; उलट दिवे पाच मिनिटं उशिरा लागल्यानं दर खेळाला वीज वाचेल ती वेगळीच.