क्षारांची थकबाकी

परवा आमच्या नाशिकच्या घरातला गीझर बंद पडला. दुरुस्तीला आलेल्या मुलाने कॉइल बाहेर काढली, तर तिच्यावर पांढऱ्या क्षारांचा जाड थर! 'काका, बोअरचं पाणी आहे. दरवर्षी साफ केली असती तर वाचली असती,' तो म्हणाला. मी ओशाळलो. हप्ते थकवू नका, असं लोकांना बजावण्यात माझी बँकेतली हयात गेली. घरचा हप्ता मात्र मीच थकवला होता.

याच जातकुळीचे क्षार सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात दिव्याखाली पाहून आपण तोंडात बोटं घालतो. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतून कोट्यवधी वर्षांपूर्वी खनिजयुक्त गरम पाणी झिरपलं आणि झिओलाइट, कॅल्साइटचे स्फटिक मागे ठेवून गेलं. निसर्गाची ही कलाकुसर यंत्राला मात्र परवडत नाही.

हे आठवायचं कारण, भूगर्भातल्या उष्णतेपासून वीज करण्याचे बेत. लडाखमधल्या पुगा खोऱ्यात १ मेगावॅटच्या प्रायोगिक प्रकल्पासाठी ओएनजीसीने २०२१ मध्ये करार केला. वज्रेश्वरी, तुरळ, उन्हवरे इथली गरम पाण्याची कुंडं तर आपल्या कोकणातलीच. कल्पना उत्तम, पण अशा प्रकल्पांची खरी परीक्षा नळीत होते.

सोडावॉटरची बाटली उघडली की दाब घटून वायू फसफसून निघतो. विहिरीतून वर येणाऱ्या गरम पाण्याचंही तसंच. दाब घटतो, पाणी उकळतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्साइट नळीला चिकटतो. सिलिकाचं उलट, ती पाणी निवलं की बसते. वेळीच लक्ष दिलं नाही तर विहीर गुदमरते.

उपाय आहेत. दाब राखून पाणी उकळूच द्यायचं नाही. त्याची उष्णता तेवढी लवकर उकळणाऱ्या दुसऱ्या द्रवाला द्यायची. किंवा पाणी जिथे उकळू लागतं, त्याच्याही खाली बारीक नळीने क्षाररोधक रसायन सोडायचं. आणि पाणी परत जमिनीत सोडण्यापूर्वी फाजील निववायचं नाही.

पण हे सारं खर्चाचं आणि रोजच्या दक्षतेचं काम. कर्जाच्या प्रस्तावात यंत्राची किंमत पैशापर्यंत लिहिलेली असे आणि 'देखभाल' या शब्दापुढे एक ठोकळ आकडा. उद्घाटनाची फीत सगळ्यांना दिसते, नळीतला थर कोणालाच नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की क्षार रोखण्याचा खर्च पहिल्या पानावर मांडा. तो मांडलेला नसेल, तर प्रस्ताव परत पाठवा.

मी नवी कॉइल बसवली. कालनिर्णयावर पुढच्या सफाईच्या तारखेला गोलही केला आहे.