लाखांची गाडी, कापडाचा टप

नवी मोटार घेताना घरात बरीच चर्चा होते. लिटरला किती जाते, मागच्या सीटवर आजी-आजोबा नीट बसतील का, महिन्याचा हप्ता किती पडेल, रंग कोणता घ्यायचा. टप गळतो का, हे मात्र कुणी विचारत नाही. पत्र्याच्या गाडीत तो प्रश्न सहसा उद्भवतही नाही. परंतु कापडी टपाची, वारा खात हिंडायची गाडी घेणाऱ्याने हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा आणि शोरूमच्या वातानुकूलित दिवाणखान्यात त्याचे उत्तर मिळत नाही.

आपल्याला कापडी टप नवा नाही. जीपचे हूड पाहतच दोन पिढ्या वाढल्या. १९८५ च्या अखेरीस आलेली मारुतीची जिप्सीही त्याच कुळातली. पण त्या जीपकडून कोरडे राहण्याची अपेक्षा कुणाची होती? पाणी आत आले तर खाली निघून जायला जागा होती, सीटवर रेक्झिन होते, फडक्याने पुसले की काम झाले. २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलेल्या नव्या थारने ही अपेक्षा बदलली. नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी पक्क्या टपात, न उघडणाऱ्या कापडी टपात आणि उघडमीट करता येणाऱ्या कापडी टपात अशी तीन रूपांत आली. सुरुवातीची किंमत ९ लाख ८० हजार. पडद्यावर बोट लावून चालणारे संगीत, स्वयंचलित गिअर, ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत चार तारे. म्हणजे वंश जीपचा, पण थाट घरच्या गाडीचा. घरच्या गाडीत मुलांची दप्तरे असतात, जमिनीवर गालिचा असतो आणि गालिच्याखाली विजेच्या तारा असतात.

कापड नीट बसवणे हे पत्रा बसवण्यापेक्षा अवघड काम आहे. पत्रा साच्यातून निघतो. शंभरावा तुकडा पहिल्यासारखाच. टप मात्र शिवलेला असतो, लोखंडी कमानींवर ताणलेला असतो. उन्हात तो सैलावतो, थंडीत आखडतो. शिवणीत सुईची असंख्य भोके असतात; ती आतून पट्टीने नीट बंद केली नाहीत तर दोराच पाणी ओढून आत आणतो. महागड्या गाड्यांच्या कापडाला तीन थर असतात, मधला रबराचा. स्वस्त टप प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या कापडाचा. त्या लेपाला मऊ ठेवणारे द्रव्य वर्षांगणिक उडून जाते आणि घडीवर चिरा पडतात. प्लॅस्टिकच्या खिडक्यांची तीच कथा: आधी चरे, मग पिवळेपणा. माझदाच्या १९८९ च्या सुप्रसिद्ध एमएक्स-५ मध्येही मागची खिडकी प्लॅस्टिकचीच होती. काच आली ती दुसऱ्या पिढीत, १९९८ मध्ये.

आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. बऱ्याच उघड्या गाड्यांत टप सगळे पाणी अडवतच नाही. काही पाणी पन्हळीतून आणि नळ्यांतून खाली सोडलेले असते. गाडी गुलमोहराखाली उभी राहिली, नळीत पाला अडकला, की पाणी दुसरी वाट शोधते. मालकाला पत्ता लागतो तो वासाने, नाहीतर एके दिवशी खिडकीचे बटण चालेनासे झाल्यावर. मुंबईचा चार महिन्यांचा पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर जातो, लंडनचा वर्षाचा सहाशेच्या आसपास. तिथल्या पावसात जी त्रुटी खपून जाते, ती आंबोलीच्या घाटात खपत नाही.

म्हणजे कापड वाईट आणि धातू चांगला, असे मात्र नाही. मर्सिडीजने १९९६ मध्ये घडी होणारा धातूचा टप आणला तेव्हा कापडाचे दिवस संपले, असे अनेकांना वाटले होते. त्याच मर्सिडीजची एसएल २०२१ मध्ये पुन्हा कापडाकडे वळली आणि टपाचे २१ किलो वजन वाचले. बीएमडब्ल्यूच्या झेड-४ ने २०१८ मध्ये तेच केले. अमेरिकेत फोर्डच्या ब्रॉन्कोची गोष्ट तर उलटीच झाली: तिथे सदोष निघाले ते पक्के टप. दमट हवेत आणि पाण्यात त्यांचे रूप बिघडू लागले, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने ते सरसकट बदलून देण्याचे जाहीर केले. प्रश्न कापडाचा नसून कारागिरीचा आणि तपासणीचा आहे.

फोर्डच्या ग्राहकांसाठी कंपनी पुढे आली. आपल्या ग्राहकाने काय करायचे? २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सदोष गाड्या परत बोलावण्याचे कलम आले, ही चांगली गोष्ट. पण ते पर्यावरणाला किंवा माणसांना अपाय करणाऱ्या दोषांसाठी आहे. गळक्या टपाने गालिचा कुजतो, माणूस मरत नाही. तेव्हा सरकार त्यात पडेल अशी आशा धरू नये. वॉरंटीपत्रात झिजणाऱ्या भागांची सूट बारीक अक्षरात असते, आणि रबर झिजलेले की मुळातच वाकडे बसवलेले, हा वाद मग वर्कशॉपच्या दारात रंगतो.

कंटाळलेला मालक मग बाहेरून पक्का टप बसवून घेतो. इथे कायदा त्याला पकडतो. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. २०२३ मध्ये श्रीनगरच्या न्यायालयाने पक्का टप आणि इतर बदल केलेल्या थारच्या मालकाला सहा महिन्यांची शिक्षा सुनावली. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर तो सुटला. सायरन, जाड टायर यांच्याबाबतीत ही कडक भूमिका पटते. पण मुलांच्या डोक्यावर पाणी पडू नये म्हणून टप बदलणाऱ्याला त्याच तागडीत तोलणे न्यायाचे वाटत नाही. गळकी गाडी विकणाऱ्याला कुणी असा जाब विचारत नाही.

राहतो तो ग्राहक संरक्षण कायदा. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा आयोगाकडे जाता येते; वकील हवाच असे नाही, पुरावा मात्र लागतो. हा पुरावा गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशीच जमवायला सुरुवात करावी. हार आणि पेढे नंतर. आधी धुलाईचा पाइप मागवावा. टप बंद करून, आत एकाला बसवून, दहा मिनिटे पाणी मारायला सांगावे. समोरच्या काचेचे वरचे दोन्ही कोपरे, दाराच्या काचेवरचे रबर आणि मागच्या चेनचे टोक, या जागी बोट फिरवून पाहावे. टप दोनदा स्वतःच्या हाताने उघडून मिटावा. विक्रेत्याच्या सराईत हाताला तो लगेच बसतो, आपल्याला बसतो का ते पाहायचे. ओलावा दिसला तर तोंडी आश्वासनावर न थांबता जॉबकार्डावर तारखेसह लिहून घ्यावे, छायाचित्र काढावे. आणि घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पायाखालचा गालिचा उचलून तळहाताने दाबून पाहावा. पाणी बहुधा तिथेच असते.