राजपथ, लोकपथ आणि सुखोराणी

ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या हिंदी आत्मकथनाचे नाव ‘राजपथ से लोकपथ पर’ असे आहे. राजवैभवाचा त्याग करून जनतेत उतरलेली तपस्विनी ही त्यांची प्रतिमा त्यांच्या हयातीतच रूढ झाली आणि २५ जानेवारी २००१ रोजी त्यांचे निधन झाल्यानंतर तर ती जवळजवळ पूजेला लागली. परंतु त्यांच्या राजकीय जीवनाचा आलेख तपासला असता वेगळेच चित्र दिसते. राजपथ लोकपथाला येऊन मिळाला नाही. लोकपथालाच वळण देऊन तो राजवाड्याच्या दारापर्यंत नेण्यात आला.

विजयाराजे जन्माने राज्यकर्त्या घराण्यातल्या नव्हत्या. १९१९ साली सागर येथे एका डेप्युटी कलेक्टरच्या घरी त्यांचा जन्म झाला; आजोळ नेपाळच्या राणा घराण्याचे. १९४१ साली जिवाजीराव शिंद्यांशी विवाह झाला आणि त्या ग्वाल्हेरच्या महाराणी झाल्या. साताऱ्याकडील कण्हेरखेडची पाटीलकी ते ग्वाल्हेरची गादी असा या घराण्याचा प्रवास. १८५८ साली झाशीची राणी आणि तात्या टोपे ग्वाल्हेरात शिरले, तेव्हा याच घराण्याचे जयाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला आग्र्याकडे निघून गेले होते. स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झाले; पण मध्य भारताचे राजप्रमुखपद जिवाजीरावांकडेच राहिले. सत्तेचे नाव बदलले, धनी बदलला नाही.

त्यांना राजकारणात आणले ते काँग्रेसने. १९५२ च्या निवडणुकीत ग्वाल्हेर आणि गुणा या दोन्ही जागांवर हिंदुमहासभेचे वि. घ. देशपांडे निवडून आले होते. या पराभवावर काँग्रेसने शोधलेला उपाय कोणता? कुळाची जमीन, मजुराची मजुरी, दलिताचे पाणी यांसाठी लढून लोकांची मने जिंकण्याचा मार्ग दूरचा होता. राजवाड्याचा जवळचा होता. १९५७ साली विजयाराजे काँग्रेसच्या तिकिटावर गुण्यातून लोकसभेत गेल्या. समाजवादी समाजरचनेचा ठराव आवडीला होऊन जेमतेम दोन वर्षे उलटली होती!

दहा वर्षांनी द्वारकाप्रसाद मिश्रांशी बिनसल्यावर त्यांनी काँग्रेस सोडली आणि १९६७ साली एकाच निवडणुकीत लोकसभेला स्वतंत्र पक्षातर्फे व विधानसभेला जनसंघातर्फे उभे राहून दोन्ही जागा जिंकल्या. ज्या मतदाराला एकाच दिवशी एकाच व्यक्तीसाठी दोन पक्षांच्या चिन्हांवर शिक्का मारावा लागतो, तो पक्षाला मत देतो की गादीला? त्याच वर्षी जुलैत काँग्रेसचे ३६ आमदार फुटले, मिश्रांचे सरकार कोसळले आणि राजमातेच्या नेतृत्वाखालील संयुक्त विधायक दलाचे सरकार आले. त्या दलाचे शेवटचे मुख्यमंत्री सारंगढचे राजे नरेशचंद्र सिंह. तेही तेरा दिवसांचे.

१९७० साली केंद्र सरकारने राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढून घेतली. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेला खटला ज्या नावाने ओळखला जातो, ते नाव राजमातेच्या पुत्राचे, माधवराव शिंद्यांचे आहे. न्यायालयाने आदेश रद्द ठरवला. अखेर १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे बंद झाले. पण त्याच वर्षी, ‘गरिबी हटाव’च्या लाटेत विरोधी पक्ष वाहून जात असताना, भिंडमधून राजमाता, गुण्यातून माधवराव आणि ग्वाल्हेरमधून अटलबिहारी वाजपेयी जनसंघातर्फे निवडून आले. तनखा कायद्याने बंद करता येतो. मुजरा कायद्याने बंद होत नाही.

राजमातेच्या पदरी जे पुण्य आहे ते नाकारण्याचे कारण नाही. आणीबाणीत त्या तुरुंगात गेल्या, तिहारचे हाल त्यांनी सोसले. मंत्रिपदाच्या मागे त्या कधी धावल्या नाहीत. १९८० साली रायबरेलीत इंदिरा गांधींविरुद्ध उभे राहण्याचे धाडस त्यांनी दाखवले. परंतु व्यक्तीचे धैर्य हा तिच्या विचारांचा दाखला होत नाही. १९८७ साली देवराळ्यात रूपकुंवर चितेवर गेली, तेव्हा भारतीय जनता पक्षाच्या उपाध्यक्ष असलेल्या राजमातेने ‘स्वेच्छेने’ सती जाण्याची बाजू जाहीरपणे घेतली. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पडत असताना त्या तेथे नेत्यांच्या व्यासपीठावर होत्या. हुकूमशाहीशी झुंजणारी स्त्री सतीप्रथेची कड घेते यात विसंगती नाही. ‘आमच्यावर कोणी हुकूम चालवू नये’ आणि ‘रूढीचा हुकूम मात्र चालावा’ ही दोन्ही सरंजामी मनाचीच मागणी आहे.

पुढे घराणे दोन पक्षांत विभागले. माधवराव काँग्रेसमध्ये गेले आणि १९८४ साली ग्वाल्हेरमध्ये त्यांनी वाजपेयींचाच पराभव केला. कन्या वसुंधराराजे राजस्थानच्या मुख्यमंत्री झाल्या. मार्च २०२० मध्ये नातू ज्योतिरादित्य भाजपमध्ये गेले, त्यांच्या पाठोपाठ २२ आमदारांनी राजीनामे दिले आणि कमलनाथ सरकार पडले. आजीने १९६७ साली जे केले, तेच नातवाने त्रेपन्न वर्षांनी केले. राज्य कोणत्याही पक्षाचे येवो, राजवाड्याचा एक दरवाजा त्याच्याकडे उघडतोच.

आता प्रश्न समाजवाद्यांचा. १९६२ साली ग्वाल्हेरमध्ये महाराणीविरुद्ध डॉ. राममनोहर लोहियांनी सुखोराणी या सफाई कामगार स्त्रीला उमेदवारी दिली होती. स्वतः लोहिया त्या वेळी फुलपुरात नेहरूंविरुद्ध उभे होते. महाराणीसमोर मेहतराणी उभी करणे हा अनेकांना विक्षिप्तपणा वाटला. सुखोराणी हरली. पण ‘महाराणीचे मत आणि झाडूवालीचे मत एकाच मोलाचे आहे’ हे राज्यघटनेतील वाक्य ग्वाल्हेरच्या गल्लीत प्रथम उच्चारले गेले, ते त्या पराभूत उमेदवारीने.

त्यानंतर काय झाले? १९६७ साली गैरकाँग्रेसवादाच्या धोरणाने समाजवादी आणि राजेरजवाडे यांना एका बाजूला आणून बसवले. १९७७ साली तर जनता पक्षाच्या एकाच छत्राखाली समाजवादीही आले आणि राजमाताही. हुकूमशाहीविरुद्धची एकजूट त्या घडीला आवश्यक होती, हे मान्य. चूक एकजुटीत नव्हती. चूक ही की, एकजूट करताना सुखोराणीचा मागमूसही ठेवला गेला नाही. ग्वाल्हेरच्या वस्त्यांतून दुसरी सुखोराणी, तिसरी सुखोराणी उभी करण्याचे काम कोणी हाती घेतले नाही. काँग्रेसने १९५७ साली जो जवळचा मार्ग पत्करला, तोच पुढे विरोधकांनीही पत्करला.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी ग्वाल्हेरकडे बोट दाखवून समाधान मानू नये. येथे गादीच्या जागी साखर कारखाना, शिक्षणसंस्था आणि जिल्हा बँक आली. तिच्यावर बसणारे ‘साहेब’ आणि त्यांचे वारस त्याच चालीने चालतात. त्यांच्याशी युती करावी की करू नये हा डावपेचाचा प्रश्न आहे आणि तो प्रसंगानुसार सुटेल. परंतु ज्या पक्षाजवळ उभी करण्याजोगी एकही सुखोराणी नाही, त्याने कोणाशीही युती केली तरी तो अखेर पालखीचा भोईच ठरतो.