साचा एक, आंकडे निराळे

सात-बाराचा उतारा जुन्नर तालुक्यांतील ओतूरचा असो कीं आंबेगांव तालुक्यांतील घोडेगांवचा असो, त्याचे रकाने तेच असतात. गांव बदलतें, खातेदार बदलतो, पीक बदलतें. कागदाचा साचा बदलत नाहीं. म्हणूनच एका गांवचा उतारा ज्यास वाचतां येतो, त्यास दुसऱ्या गांवचा कोणी समजावून द्यावा लागत नाहीं. महसुली दप्तराची ही जुनी शिस्त आपल्या स्वतःच्या हिशेबांत मात्र आपण अद्यापि आणलेली नाहीं, आणि त्याचा तोटा आपणांसच सोसावा लागतो, हें आज आम्हांस वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

आपल्या दोन्ही तालुक्यांत संगणकावर बाजारभावाचे तक्ते ठेवणारे तरुण शेतकरी हल्लीं आढळूं लागले आहेत. आवक किती झाली, किमान, कमाल व सर्वसाधारण भाव काय निघाला, हें रोज नोंदावयाचें, त्यावरून आलेख काढावयाचे, व ते सर्व एका पानावर मांडावयाचे. या पानासच डॅशबोर्ड म्हणतात. असें पान नीट बसविण्यास बरीच मेहनत पडते. परंतु टोमॅटोचा हंगाम संपून कांद्याचा आला, किंवा जुनें वर्ष सरून नवें लागलें, कीं हीच मंडळी कोरें पान घेऊन पुन्हा पहिल्यापासून आरंभ करितात. रंग निराळे, मापें निराळीं, क्रम निराळा. मग दोन वर्षांचीं पानें शेजारीं ठेविलीं असतां त्यांचा मेळच बसत नाहीं. मेहनत दुप्पट, आणि तुलना शून्य!

वस्तुतः याचें कांहीं कारण नाहीं. आंकड्यांचा तक्ता व त्यावरील आलेख या दोन निराळ्या वस्तू आहेत. आलेखास एवढेंच ठाऊक असतें कीं, अमुक रकान्यांतील तारीख आडवी व अमुक रकान्यांतील भाव उभा घ्यावयाचा. रकाने तेच ठेवून आंतील आंकडे बदलले, तर आलेख नवा होतो आणि मांडणी जागच्या जागीं राहते. मूळ फाइल बाजूस ठेवून तिची नव्या नांवानें प्रत करावी, आंकड्यांचें पान रिकामें करावें, नवे आंकडे त्याच रकान्यांत भरावे, व पान ताजें करून घ्यावें, काम झालें. रकान्यांचीं नांवें मात्र अक्षरशः तींच हवींत. एके ठिकाणीं ‘टोमॅटो’ व दुसरे ठिकाणीं ‘टमाटा’ असें लिहिलें, तर संगणकास तीं दोन पिकें वाटतात. तसेंच भावाच्या घरांत आंकड्यापुढें ‘रुपये’ हा शब्द लिहिला, तर त्यास तो आंकडा न वाटतां मजकूर वाटतो, व बेरजेंत तो धरला जात नाहीं.

हें सर्व सांगून आमची स्वतःची एक चूक आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. नारायणगांवच्या टोमॅटोसाठीं बसविलेल्या पानांत आम्हीं एकदां आळेफाट्याच्या कांद्याचे आंकडे भरले. वरचा मथळा हातानें लिहिलेला, तो ‘टोमॅटो’च राहिला, तें लगेच दिसलें व हंसण्यावारी गेलें. दुसरी गोष्ट हंसण्याजोगी नव्हती. आडव्या रेषेवर हंगामाचा दिवस कितवा एवढेंच होतें. कांद्याच्या ओळी कमी, टोमॅटोच्या अधिक. पान रिकामें न करितां भरल्यामुळें खालच्या टोमॅटोच्या ओळी तशाच राहिल्या, आणि कांद्याचा भाव शेवटीं एकदम चढलेला दिसूं लागला. चाळींतील माल आणखी कांहीं दिवस थांबवावा, अशी भाषाही सुरू झाली. कोणी दिवस मोजून पाहिले नसते, तर त्या खोट्या चढावर भरंवसून माल सडला असता.

तथापि याहून खोल चूक ती कीं, जेथें रकाने जुळतात पण अर्थ जुळत नाहीं. नारायणगांवीं टोमॅटोचा भाव वीस किलोंच्या क्रेटवर बोलतात, कांद्याचा आपल्याकडे दहा किलोंवर. क्रेट चारशें रुपये व कांदा दोनशें रुपये, असें एकाच आलेखांत पाहिलें तर टोमॅटो दुप्पट महाग भासतो. वास्तविक दोहोंचाही भाव क्विंटलास दोन हजारच आहे. क्षेत्राचेंही तसेंच. ‘1.20’ हा आंकडा हेक्टर-आरमध्यें एक हेक्टर वीस आर, म्हणजे 1.20 हेक्टरच होय. परंतु तोच एकर-गुंठ्यांत एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर होय. रकान्याचें नांव ‘क्षेत्र’, आंकडा तोच, आणि जमीन निराळी!

मापाच्या रेषेचेंही भान ठेवावें. जुलै 2023 मध्यें नारायणगांवच्या बाजारांत टोमॅटोचें क्रेट दोन हजार रुपयांवर गेलें होतें. त्या वेळीं अडीच हजारांपर्यंत कायम केलेली उभी रेषा आज तशीच ठेविली, तर दोनशें-चारशें रुपयांची चढउतार जमिनीस चिकटलेली दिसेल. आणि शेतकऱ्याचा नफा-तोटा तर त्याच दोनशें रुपयांत असतो.

कित्येक म्हणतील, कांदा चाळींत थांबतो, टोमॅटो थांबत नाहीं. मग दोहोंस एकच साचा कसा चालेल? आमचें उत्तर असें कीं, आवक व भाव यांपुरता तो खुशाल चालेल. चाळींतील घट मोजावयाची असेल, तर तीस निराळा साचा करावा. एकाच पानांत सर्व कोंबूं नये. साचा समजूत देतो, निर्णय देत नाहीं. तो शेतकऱ्यानेंच करावयाचा आहे.

सबब आमची सूचना अशी कीं, प्रत्येक संस्थेनें रकान्यांची एक ओळ कायमची ठरवावी व प्रत्येक रकान्यांतच परिमाण लिहावें. भाव क्विंटलवरच घ्यावा, कारण केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेटवरही तो क्विंटलवरच दिला जातो. या साच्याची एक कोरी प्रत चिटणिसापाशीं असावी. आणि नवे आंकडे भरल्यावर कोणत्याही एका दिवसाचा भाव आपल्या आडत्याच्या पट्टीशीं स्वतः ताडून पाहावा.

बाजरीस एक व गव्हास दुसरी अशी पाभर कोणी करीत नाहीं. पण पेरणीपूर्वीं चाड्यांत मागचें बीं राहिलें नाहीं ना, हें मात्र प्रत्येक जाणता शेतकरी हात घालून पाहतो. आंकड्यांच्या पेरणींतही तेवढीच दक्षता आम्ही मागतो.